नागपुरात विद्यार्थ्यांचं धरणं किंवा मोर्चा: जागा, परवानगी आणि गर्दीचं नियोजन

शिष्यवृत्ती दोन-दोन सत्रं अडकते, वसतिगृहाची यादी लागत नाही, पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या परीक्षेचा अर्ज भरून झाल्यावर हाती येतो. निवेदनं देऊन झाली की कुणीतरी म्हणतं, "चला, संविधान चौकात बसू." तिथून प्रत्यक्ष बसेपर्यंतच्या आठ-पंधरा दिवसांत नेमकं काय करायचं, कशाला किती माणसं आणि सामान लागतं, कुठे घोळ होतो, ते इथे मांडलं आहे. मार्गदर्शन पन्नास ते हजार विद्यार्थ्यांच्या शांततामय आंदोलनासाठी आहे.

आमचं ठाम मत आधीच सांगतो. आंदोलन यशस्वी होणार की नुसता फोटो निघणार, हे घोषणांपेक्षा जागेवर जास्त ठरतं. तुम्ही कुठे उभे राहता यावरून कोण पाहणार, कोण येऊ शकणार, कोणता अधिकारी भेटायला बाहेर येणार आणि गडबड झाली तर पोरं कुठून बाहेर पडणार, हे सगळं ठरतं. प्रशासनाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच ते तुम्हाला सोयीची जागा सुचवतात, आणि ती सोय बहुतेक वेळा त्यांची असते.

कागद आधी

मागणी लिहिताना एकच प्रश्न विचारा: हे काम कुणाच्या सहीने होतं? "शिष्यवृत्ती मिळालीच पाहिजे" ही घोषणा झाली. मागणी अशी लिहावी: "महाडीबीटी पोर्टलवर महाविद्यालयाने मंजूर करून पुढे पाठवलेले, परंतु सहायक आयुक्त, समाजकल्याण, नागपूर यांच्या स्तरावर प्रलंबित असलेले अर्ज (यादी सोबत जोडली आहे) १५ दिवसांत निकाली काढावेत, त्रुटी असल्यास विद्यार्थ्याला लेखी कळवावे." यात काम आहे, अधिकारी आहे, मुदत आहे आणि पुरावा जोडलेला आहे. अशी मागणी टाळायची तर अधिकाऱ्याला कारण लिहून द्यावं लागतं. तीनपेक्षा जास्त मागण्या ठेवू नका. अकरा मागण्यांचं पत्र दिलं की सगळ्यात सोपी मागणी मान्य होते आणि "बहुतांश मागण्यांवर सकारात्मक चर्चा" अशी बातमी छापून येते.

निवेदन दोन प्रतींत न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात निवेदन देतानाचा फोटो म्हणजे पोच नव्हे, ही चूक फार होते. सात दिवसांनी स्मरणपत्र द्या, त्यात आधीचा आवक क्रमांक लिहा. विद्यापीठाशी संबंधित तक्रार असेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडेही द्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यानंतर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी टाकायचा. उद्या पोलीस किंवा न्यायालय विचारेल, "आधी काय केलं होतं?" तेव्हा हीच फाइल समोर ठेवायची.

जागा: कोणता चौक कशासाठी

या शहरात कुणी कोणत्या रस्त्यावरून चालायचं, हा वाद जुना आहे. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात मुद्दा हाच होता. शहरातून ध्वज घेऊन निघालेल्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सिव्हिल लाइन्समध्ये शिरू द्यायचं नाही, असा हुकूम होता. जमनालाल बजाजांना अटक झाली, पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली, हजारावर सत्याग्रही तुरुंगात गेले आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. नागपूर विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षातली. विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या प्रशासकीय इमारतीला बजाजांचंच नाव आहे. तिच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या विद्यार्थ्यांना हे माहीत असावं. १९७९ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठीचा लाँग मार्च दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघाला, तोही विद्यापीठाच्याच प्रश्नावर. जोगेंद्र कवाडे त्याचं नेतृत्व करत होते.

आता आजच्या जागा पाहू.

संविधान चौक शे-दोनशे जणांच्या धरण्याला उत्तम. बाबासाहेबांचा पुतळा आहे, विधानभवन आणि रिझर्व्ह बँक जवळ, कस्तुरचंद पार्क मेट्रो स्टेशन चालत येण्यासारखं, आणि वाहनांची सतत ये-जा असल्यामुळे फलक वाचले जातात. अडचण जागेची आहे. बसायला फूटपाथ आणि पुतळ्याभोवतीचा थोडा भाग, तेवढंच. संख्या वाढली की माणसं रस्त्यावर सांडतात, वाहतूक अडते आणि "रस्ता मोकळा करा" म्हणत पोलीस पुढे येतात. बरेचदा त्याच दिवशी दुसऱ्या संघटनेचंही धरणं असतं, तेव्हा आधी चौकशी करून वेळा वाटून घ्या. पुतळ्याच्या कठड्याला बॅनर, दोरी किंवा झेंडा बांधू नका.

व्हेरायटी चौक वीस-तीस मिनिटांच्या निदर्शनासाठी ठीक. गांधीपुतळा आहे, बर्डीची (सीताबर्डी बाजाराची) गर्दी आहे, बघणारे भरपूर. पण दिवसभर बसायला जागा नाही आणि बाजाराची गर्दी तुमच्या गर्दीत मिसळते. कोण आपला, कोण परका हे स्वयंसेवकांना कळत नाही.

यशवंत स्टेडियम आणि शेजारचं पटवर्धन मैदान: विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात धरण्यांसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या जागा. मंडप टाकता येतो, बरेच दिवस बसता येतं. पण आत बसलं की बाहेरच्याला तुम्ही दिसत नाही. तिथे बसायचंच असेल तर रोज ठरावीक वेळी बाहेर काहीतरी करा: पत्रकं वाटणं, आमदारांना भेटणं, पत्रकार परिषद. धंतोलीतलं टिळक पत्रकार भवन जवळच आहे.

संबंधित कार्यालयाचं फाटक ही सगळ्यात दुर्लक्षित आणि आमच्या मते सगळ्यात उपयोगी जागा. समाजकल्याणचा प्रश्न असेल तर श्रद्धानंदपेठेतलं सामाजिक न्याय भवन, आदिवासी वसतिगृहाचा असेल तर गिरीपेठेतलं आदिवासी विकासच्या अपर आयुक्तांचं कार्यालय, परीक्षेचा असेल तर विद्यापीठ. इथे चाळीस जण बसले तरी अधिकाऱ्याला जाता-येता दिसतात. संविधान चौकातले चारशे त्याला दुसऱ्या दिवशी पेपरात दिसतात. फक्त फाटक अडवू नका. येण्या-जाण्यासाठी किमान तीन मीटर वाट मोकळी ठेवा आणि तसा फोटो काढून ठेवा. राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आहे, वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५. शनिवारी बसलात तर आत फक्त चौकीदार असतो.

जागा निवडली की तिथे ज्या वेळी आंदोलन करणार त्याच वेळी एकदा जाऊन या. सावली कोणत्या बाजूला सरकते, सर्वांत जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे, रुग्णवाहिका कुठून येईल, पाण्याचे जार उतरवणारी गाडी कुठे थांबेल, हे लिहून आणा. स्वच्छतागृहाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण सोय नसली की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी दोनच्या सुमारास चक्कर येऊन पडतात. ही गोष्ट इतक्या वेळा घडते की जागेच्या पाहणीत ती पहिल्या ओळीत लिहावी.

परवानगी

संविधानाच्या कलम १९(१)(ख) ने शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे आणि १९(३) ने त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा. सर्वोच्च न्यायालयाने हिंमतलाल शाह प्रकरणात (१९७३) सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, पण सरसकट मनाई करता येत नाही. शाहीनबागसंबंधीच्या (दिल्लीतल्या रस्त्यावरच्या धरण्याच्या) २०२० च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. दोन्ही निकाल लक्षात ठेवा. पहिला पोलिसांशी बोलताना लागतो, दुसरा आपल्याच उत्साही मित्रांशी बोलताना.

अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावे, संबंधित पोलीस ठाण्यामार्फत करा. साध्या धरण्यासाठी किमान आठ दिवस, मोर्चासाठी पंधरा दिवस आधी. मोर्चाची प्रत वाहतूक शाखेलाही द्या. मैदान असेल तर ते ज्याच्या ताब्यात आहे त्याची (महापालिका, सुधार प्रन्यास, जिल्हाधिकारी किंवा विद्यापीठ) नाहरकत वेगळी लागते आणि ती नसेल तर पोलिसांची परवानगी अडते. बर्डीच्या आसपास ठाण्यांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत. मोर्चा दोन हद्दींतून जात असेल तर दोन्ही ठाण्यांत प्रत द्या, नाहीतर पहिला चौक ओलांडल्यावर "आमच्याकडे कागद नाही" हे ऐकायला मिळतं.

अर्जात तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, अपेक्षित संख्या, मार्गातला प्रत्येक चौक नावासह, वाहनं किती आणि कोणती, ध्वनिक्षेपक आहे का, मंडपाची लांबी-रुंदी, आणि जबाबदार तीन जणांची नावं, मोबाइल क्रमांक, ओळखपत्रांच्या प्रती द्या. स्वयंसेवकांची यादीही जोडा. संख्या फुगवून लिहू नका. पाचशे लिहून ऐंशी आले की पुढच्या वेळी तुमचा अर्ज कुणी गंभीरपणे घेत नाही; ऐंशी लिहून पाचशे आले तर अटींचा भंग झाला म्हणून गुन्हा तुमच्या नावावर.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ नीट वाचा. शहरात या कलमाखालचे आदेश वारंवार निघतात. ३७(३) खाली आयुक्त जमावबंदी लावू शकतात, मात्र राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती एका वेळी १५ दिवसांपलीकडे टिकत नाही. ३७(१) खालच्या आदेशात लाठ्या-काठ्या बाळगणं आणि प्रतिमा किंवा पुतळ्यांचं प्रदर्शन यांनाही मनाई करता येते. म्हणजे झेंड्याचा जाड बांबू आणि प्रतीकात्मक पुतळ्याचं दहन या दोन गोष्टी, ज्या आंदोलनात सहज होतात, त्या थेट या कलमात बसतात. फलक हातात धरा किंवा गळ्यात अडकवा. झेंड्याला पातळ प्लॅस्टिकची नळी पुरते.

परवानगी नाकारली तर तोंडी उत्तर घेऊन परतू नका. कारणासह लेखी मागा. "कलम लागू आहे" असं सांगितलं तर आदेशाची प्रत मागा. लेखी नकार हातात असेल तर पर्यायी जागा किंवा वेळ सुचवून दुसरा अर्ज करता येतो आणि गरज पडली तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागता येते. उत्तरच आलं नाही तर त्या न आलेल्या उत्तराचाही कागद करा: "दि. अमुक रोजीच्या अर्जावर आजपर्यंत उत्तर मिळाले नाही" असं पत्र देऊन त्यावर शिक्का घ्या.

ध्वनिक्षेपकाला वेगळी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, आणि रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत सरकारने जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असू शकतं. महाविद्यालयाच्या फाटकावर बसणार असाल तर तुम्ही शांतता क्षेत्रात असू शकता. तिथे डफली आणि घोषणाही जपून.

हिवाळी अधिवेशनाचं वेगळं गणित

१९५३ च्या नागपूर करारातून आलेलं हे अधिवेशन विदर्भातल्या विद्यार्थ्यांसाठी मोठी संधी आहे, कारण एरवी मुंबईत बसणारे मंत्री दारात येतात. पण त्या दिवसांत पोलीस मोर्चे ठरावीक ठिकाणी अडवतात: टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट अशा जागी. एकाच दिवशी अनेक मोर्चे येतात आणि बातमी सगळ्यात मोठ्याची होते. पाचशे विद्यार्थ्यांनी दहा हजारांच्या मोर्चाच्या दिवशी येण्यात अर्थ नाही. बंदोबस्तातल्या अधिकाऱ्यांना विचारून मोकळा दिवस निवडा.

तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) अधिवेशनाच्या बऱ्याच आधी दाखल होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी आमदारांना ऑक्टोबरमध्येच गाठायला हवं. लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी) आणि औचित्याचा मुद्दा मात्र अधिवेशन चालू असतानाही मांडता येतो. आमदार निवासात सकाळी आठ ते साडेनऊ ही भेटण्याची खरी वेळ. एका पानाचं टिपण न्या, वर मागणी, खाली आकडे, मागे पोच असलेल्या निवेदनाची प्रत. चार पानांचं कुणी वाचत नाही. मोर्चा आणि लक्षवेधी एकाच दिवशी जुळवता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही.

गर्दी

हा भाग वरवर वाचू नका.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी आलेल्या गोवारी बांधवांचा मोर्चा विधानभवनाजवळ अडवला होता. दिवसभर लोक ताटकळले, संध्याकाळी लाठीमार झाला, पळायला वाट नव्हती आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यात बायका आणि मुलं मोठ्या संख्येने होती. झिरो माइलजवळचं गोवारी शहीद स्मारक त्यांचंच, बर्डीच्या उड्डाणपुलाला नावही त्यांचंच. नागपुरात मोर्चा काढणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या स्मारकापाशी उभं राहून आजूबाजूचे रस्ते पाहावेत आणि स्वतःला विचारावं: पुढून ढकललं गेलं तर माझी माणसं कुठे जातील?

बसलेल्या जमावात एका चौरस मीटरला दोन माणसं हे सुरक्षित प्रमाण आहे. उभ्या गर्दीत चार झाली की हालचाल अवघड होते. पाचच्या वर गेली की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, गर्दी त्याला नेते. तिथे घोषणा थांबवून मागच्यांना मागे सरकवणं हाच उपाय. सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जेमतेम ८० माणसं बाहेर पडतात. म्हणजे पाचशे जणांमागे दोन मीटरची एकच वाट असेल तर बाहेर पडायला तीन मिनिटांवर वेळ लागेल, तोही सगळे शांत असताना. म्हणून नेहमी दोन वाटा हव्यात, आणि दुसरी वाट मोर्चा आला त्या दिशेशिवायची हवी.

मोर्चाचा हिशेब कागदावर मांडा. चौघांची एक ओळ, दोन ओळींत दीड मीटर अंतर धरलं तर ५०० जणांच्या १२५ ओळी होतात आणि मोर्चा जवळजवळ १९० मीटर लांब होतो. घोषणा देत चालण्याचा वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एक चौक ओलांडायला साधारण सहा मिनिटं. सिग्नलवर वाहतूक एवढा वेळ थांबत नाही, मग मोर्चा मधोमध तुटतो आणि मागचे पळत सुटतात. चेंगराचेंगरीची सुरुवात अशा पळण्यातूनच होते. उपाय असा: शंभर-शंभरच्या तुकड्या करा, दोन तुकड्यांत १५ मीटर मोकळी जागा ठेवा, आणि प्रत्येक तुकडीने चौक एका दमात ओलांडायचा. सगळ्यात हळू चालणारे पुढे ठेवा. वेगवान पोरं पुढे असली की मोर्चा रबरासारखा ताणला जातो.

वीस विद्यार्थ्यांमागे एक स्वयंसेवक, म्हणजे पाचशेला पंचवीस. दोन्ही कडांना दहा-दहा, मागे तीन, पुढे दोन. पुढचे दोघे पोलिसांशी बोलतील, बाकी कुणीही नाही. स्वयंसेवकाचं काम फक्त तीन गोष्टी पाहण्याचं: कडा सरळ राहतेय का, कुणी कोसळतंय का, अनोळखी कुणी चिथावणी देतोय का. तोंडावर रुमाल बांधून, संघटनेत कुणालाच माहीत नसलेला माणूस दगड उचलताना दिसला तर त्याच्याशी मारामारी करू नका. आजूबाजूचे दहा जण खाली बसवा. तो एकटा उभा राहतो आणि कॅमेऱ्यात दिसतो. बसणं ही कला सराव करून शिकवा: "बसा" म्हटल्यावर दहा सेकंदांत सगळा मोर्चा खाली बसला पाहिजे.

बॅरिकेडपासून पाच मीटर अलीकडे थांबा. बॅरिकेडला हात लावणं हे धाडस वाटतं, पण मागून रेटा आला की पहिली ओळ लोखंडावर चिरडली जाते. आणि त्या झटापटीत पोलिसाला धक्का लागला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, लोकसेवकावर हल्ला. हा गुन्हा अजामीनपात्र आहे. विसाव्या वर्षी हे कलम नावामागे लागलं की पोलीस पडताळणीच्या प्रत्येक फॉर्मवर ते पुन्हा समोर येतं.

डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. साडेचारपर्यंत आटोपतं घ्या. अंधारात स्वयंसेवकाला कडा दिसत नाही आणि थकलेला, थंडीने काकडलेला जमाव लवकर बिथरतो. "मंत्री येतायत, पाच मिनिटं थांबा" हे संध्याकाळी ऐकलं तर शिष्टमंडळ तिथे ठेवा आणि बाकीच्यांना घरी पाठवा.

सामान

पाणी उन्हाळ्यात ताशी माणशी अर्धा लिटर धरा. चार तासांना ५०० जणांसाठी १,००० लिटर, म्हणजे २० लिटरचे ५० जार. हिवाळ्यात निम्मे पुरतात. जार एका जागी ठेवू नका, रांग लागते आणि रांगेची गर्दी होते. चार ठिकाणी वाटा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा अकरानंतर उघड्यावर कुणालाही बसवू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते पेलाभर पाण्यात घोळून पाजणं धोक्याचं आहे, पाकिटावरचं प्रमाण वाचा. बोलणं असंबद्ध झालं, घाम थांबला, अंग तापलं तर तो उष्माघात. सावलीत नेऊन ओल्या कापडाने गार करत राहा आणि १०८ ला फोन करा. बर्डी परिसरातून मेयो रुग्णालय जवळ, दीक्षाभूमीकडून मेडिकल रुग्णालय.

हातातल्या मेगाफोनचा आवाज शंभर-दीडशे जणांपर्यंत नीट पोचतो. त्यापुढे दोन मेगाफोन घ्या, एक पुढे, एक मध्ये, आणि मधल्याने पुढच्याची घोषणा उचलायची. सुटे सेल खिशात ठेवा. फलकासाठी खोक्याचा पुठ्ठा, दोन फूट बाय दीड फूट. पंधरा मीटरवरून बसमधल्या माणसाला वाचता यायचं तर अक्षर बारा-तेरा सेंटिमीटर उंच हवं आणि मात्रा-वेलांट्यांना वर-खाली जागा सोडायला हवी. म्हणजे एका फलकावर चार-पाच शब्द, पिवळ्यावर काळे. मेट्रोच्या खांबांवर, भिंतींवर काही चिकटवू नका, विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा त्यासाठीच आहे.

उपोषण हा शेवटचा मार्ग, आणि आम्ही साखळी उपोषणच सुचवू: रोज पाच जण, चोवीस तास. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा फिट येणाऱ्यांना बसवू नका. पाणी चालू ठेवा, वजन, रक्तदाब, नाडी आणि साखर दिवसातून दोनदा वहीत नोंदवा, आणि ती वही डॉक्टरला दाखवा. बरेच दिवस चाललेलं उपोषण सोडताना पोटभर जेवण देणं जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडं-थोडं खाऊनच सोडायचं.

ताब्यात घेतलं तर

बहुतेक वेळा पोलीस व्हॅनमध्ये बसवतात, ठाण्यात किंवा पोलिसांच्या मैदानावर नेतात आणि संध्याकाळी नावं लिहून सोडतात. तरीही तयारी पूर्ण हवी. प्रत्येकाच्या हातावर पेनाने वकिलाचा क्रमांक लिहा, मोबाइल काढून घेतला जाऊ शकतो. एक जण आंदोलनाबाहेर, खोलीवर बसलेला असावा. त्याच्याकडे सगळ्यांच्या नावांची आणि घरच्या क्रमांकांची यादी. व्हॅन निघाली की तिचा क्रमांक आणि आत कोण, हे त्याला कळवायचं.

अटक झाली तर कारण सांगणं आणि नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही नाही. जे लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ताब्यात असलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अठरा वर्षांखालची मुलं असतील (अकरावी-बारावीची असतातच) तर त्यांना ताब्यात घेण्याची शक्यता असलेल्या कार्यक्रमात आणू नका.

शिष्टमंडळ आणि त्यानंतर

आत बोलावलं की पाच जण जावेत, किमान दोन मुली, आणि एक जण फक्त लिहून घेणारा. पाचही जणांनी बोलू नये. एकाने मागणी मांडायची, दुसऱ्याने कागद दाखवायचे. "बघतो", "वर पाठवतो", "सकारात्मक आहोत" ही आश्वासनं नाहीत. तिथेच बसून पत्र मागा. पत्रावर जावक क्रमांक, तारीख, पदनाम, काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पाच मुद्दे असले तरच ते घ्या. साहेब म्हणाले की पत्र उद्या मिळेल, तर धरणंही उद्यापर्यंत चालेल असं शांतपणे सांगा. बाहेर आल्यावर आधी सगळ्यांसमोर पत्र वाचून दाखवा, मग पत्रकारांना द्या. उलटं केलं की बाहेर बसलेल्यांना वाटतं आत काहीतरी शिजलं, आणि पुढच्या आंदोलनाला निम्मे येतात.

बातमी दुसऱ्या दिवशी हवी असेल तर फोटो आणि दीडशे शब्दांचं पत्रक पाचच्या आत पाठवा. फोटोत मागणी वाचता आली पाहिजे, नेत्याचा चेहरा नंतर.

जागा सोडण्याआधी पाण्याचे ग्लास, पत्रकं, सुतळी सगळं उचला आणि मोकळ्या जागेचा फोटो काढा. घाण केली म्हणून पुढच्या वेळी परवानगी नाकारण्याचं कारण मिळू देऊ नका. मग वहीत पत्रातली मुदत लिहा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका: "आपल्या जावक क्रमांक अमुकच्या पत्रानुसार केलेल्या कार्यवाहीची प्रत द्यावी." सोबत त्याच जागेसाठी, त्याच ठाण्यात, नव्या तारखेचा परवानगी अर्ज द्या.